झाडाखाली सापडलेली कटर मशीन

आमच्या वाडीतली चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत, कोणा एकाची नाही. पाच घरांनी वर्गणी काढून घेतलेली आहे. त्यामुळे गेल्या आषाढात तिच्यावर आंब्याचं झाड बसलं, तेव्हा ती दुरुस्त करायची की भंगारात घालून नवी आणायची हा प्रश्नही पाच घरांपुढे आला. माझं मत पहिल्यापासून दुरुस्तीचं होतं. पण नुसतं मत असून भागत नाही; मशीन उघडून, एकेक भाग हातात घेऊन ते ठरवावं लागतं. आम्ही ते कसं ठरवलं, पैसे कुठे घातले आणि कुठे घालू दिले नाहीत, ते सविस्तर लिहितो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या पट्ट्यात आता बऱ्याच आगरांत (माड-पोफळीच्या बागांत) अशी मशीन आहे. सगळे तिला कटर म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

कटर घेण्याची वेळ आणली ती निसर्ग वादळाने. 3 जून 2020 ला दुपारी ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि काही तासांत पिढ्यांच्या बागा आडव्या करून गेलं. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या पोफळींवर येते, त्या पोफळी निम्म्यावर मोडून पडल्या. माड उन्मळले, आंबे-फणस घरांवर आले. रस्त्यावरची झाडं एनडीआरएफच्या तुकड्यांनी आणि गावोगावच्या पोरांनी कापली. आगरातली झाडं मात्र ज्याची त्यालाच काढायची होती. वीज नाही, फोन नाही, त्यात लॉकडाऊन, आणि आठवड्यात पाऊस सुरू. बाहेरून कटरवाले यायचे. त्यांचा दर परवडला तरी नंबर लागत नव्हता. पडलेल्या खोडांखाली सुपारीची लहान रोपं दबून होती आणि ती जगतील की नाही हे खोड किती लवकर उचललं जातं यावर होतं. कोयता आणि कुऱ्हाड घेऊन आम्ही जेवढं केलं तेवढं केलं. बरीच रोपं गेली. पोफळ लावल्यापासून सुपारी धरेपर्यंत सहा-सात वर्षं जातात, म्हणजे त्या रोपांबरोबर काय गेलं ते बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

पाऊस ओसरल्यावर पाच घरांनी पैसे जमवले आणि 45 सीसीची, 18 इंची पट्टीची (पट्टी म्हणजे जिच्या कडेने दातेरी चेन फिरते ते लांब पातं), चांगल्या कंपनीची कटर घेतली. ती आमच्या पडवीत असते. चालवतो मुख्यतः माझा पुतण्या, देखभाल माझ्याकडे. मी पूर्वी पंप आणि मोटारी दुरुस्त करायचो, त्यामुळे पाना हातात धरायची सवय आहे.

आता आंब्याचं. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, वरच्या अंगाला तो आजोबांच्या वेळचा रायवळ होता. खाली जांभा, त्यावर दीड-दोन हात माती, त्यामुळे मुळं पसरलेली पण खोल गेलेली नव्हती. सलग पावसाने माती सैल झाली आणि रात्रीच्या वाऱ्यात तो मुळासकट कलंडला. पुरता आडवा झाला नाही, शेंडा समोरच्या फणसाच्या बेचक्यात अडकला. पाखाडी बंद झाली. शाळेची पोरं गडग्यावरून चढून जाऊ लागली, ते बघवत नव्हतं.

असं दोन्हीकडे टेकलेलं खोड कापायचं तर ताण कुठे आणि दाब कुठे हे आधी ओळखावं लागतं. दोन टोकांना आधार असला की खोड मध्ये झुकतं. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. वरून कापत गेलं तर काप मिटतो आणि पट्टी आत सापडते. म्हणून वरून जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत कापायचं, त्यात पाचर बसवायची आणि उरलेलं खालून वर कापत न्यायचं. पुतण्याने तेच केलं. खालचा काप बराच आत गेला असताना फणसाची फांदी करकरली आणि दबली. त्या क्षणी सगळं उलटलं. शेंड्याकडचा आधार गेला, खोड मुळाकडच्या टोकावर तोललं गेलं, ताण वर आला आणि दाब खाली. खालचा काप मिटला, पट्टी घट्ट अडकली.

त्याने इंजिन बंद केलं, मूठ सोडली आणि आधीच साफ करून ठेवलेल्या वाटेने तिरका मागे आला. कटर खोडाखाली लोंबत राहिली. पाना माझ्या हातात होता. पट्टीचे दोन नट काढले की इंजिन सुटं होतं आणि अडकून राहते फक्त पट्टी आणि चेन. महागाचा भाग वाचवायची ती नेहमीची रीत आहे. मी पाऊल टाकणार तोच तो म्हणाला, "काका, थांबा. फणस अजून बोलतोय." आम्ही थांबलो. थोड्या वेळाने फांदी तुटली आणि अख्खं खोड खाली बसलं, कटरवर.

त्याचं वय तेवीस. त्या दिवशी त्याने जे केलं ते मी वाडीतल्या प्रत्येक पोराला सांगतो. अडकलेली मशीन सोडून मागे येणं हे शिकवावं लागतं, कारण हात आपोआप ती ओढायलाच जातो.

दुसऱ्या दिवशी चेनपुली आणि पहारी लावून खोड उचललं. कटर बाहेर आली तेव्हा बघवेना. पुढची नळीची मूठ वाकून इंजिनला चिकटलेली, हाताच्या पुढचं गार्ड मोडलेलं, वरच्या कव्हरचे तुकडे, सायलेन्सर चेपलेला, पट्टी धनुष्यासारखी वाकलेली, मागच्या मुठीजवळ टाकीला चीर आणि सगळीकडे पेट्रोलचा वास. बघायला आलेल्या प्रत्येकाने भंगार म्हणून निकाल दिला. मला त्या मोडतोडीत एक गोष्ट दिसत होती. मोडलं होतं ते सगळं बाहेरचं होतं. या कटरमध्ये मुठी आणि टाकी हा एक सांगाडा असतो आणि इंजिन दुसरा. दोघांच्या मध्ये रबरी बुश असतात. चालवणाऱ्याच्या हातापर्यंत थरथर पोचू नये म्हणून ते दिलेले असतात. ते बुश फाटले होते. म्हणजे दणका आधी सांगाड्याने आणि रबरांनी खाल्ला होता. इंजिनपर्यंत किती पोचला हे बघायचं बाकी होतं.

पहिलं काम पेट्रोलचं. टाकीतलं उरलंसुरलं डब्यात काढलं, प्लगची टोपी उपटली आणि मशीन पडवीत न आणता अंगणात पत्र्याखाली वाऱ्यावर ठेवली. चिरलेल्या टाकीची मशीन घरात आणून दिव्याखाली खोलणारे लोक मी पाहिलेत. चूल शेजारच्या खोलीत पेटलेली असते.

मग पट्टी जिथे बसते ते दोन बोल्ट बघितले. माझ्या मते सगळ्यात आधी हेच बघावं. दीड फूट लांब पट्टीवर ओझं आलं की ती तरफ होते आणि सगळा जोर त्या दोन बोल्टांच्या मुळाशी येतो. बोल्ट वाकला तर बदलता येतो. पण तो बॉडीतून उपटला असेल, किंवा त्याच्या भोवती बॉडीला केसाएवढी जरी चीर असेल, तर पुढे काही बघू नये. आमची कटर मधल्या वर्गातली, बॉडी चिवट प्लास्टिकची आणि इंजिनचा ठोकळा धातूचा. जंगलतोडीच्या मोठ्या मशीनचं चेंबर, म्हणजे इंजिनचं बाहेरचं घर, मॅग्नेशियमचं असतं, ते जास्त सोसतं. तेल पुसून, रॉकेलच्या फडक्याने साफ करून, टॉर्च तिरका धरून बघितलं. एक बोल्ट किंचित वाकलेला, बॉडी शाबूत. मग मला खरा हुरूप आला.

त्यानंतर प्लग काढला आणि दोरी अगदी सावकाश ओढली. पिस्टन वर-खाली झाला, कुठे अडलं नाही, घासल्याचा आवाज नाही. सायलेन्सर तसाही चेपला होता, तो उतरवला आणि धूर निघायच्या भोकातून पिस्टन बघितला. कडेला उभे ओरखडे असते तर इंजिन आधीच थकलेलं म्हणायचं. पिस्टन गुळगुळीत होता, वरची रिंग भोकातून दिसते ती मोकळी होती.

सर्वात जास्त वेळ क्रँकला, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला दिला. झाड पडलेल्या मशीनमध्ये क्रँक वाकणं हा दिसत नसलेला रोग आहे. मशीन चालू होते, चार दिवस चालते, मग बेअरिंग आणि ऑईल सील खाते. ते ओळखायला दोन जागा आहेत. दोरीच्या बाजूचं कव्हर काढलं की मॅग्नेट (चुंबक बसवलेलं फिरणारं चाक) दिसतो, आणि त्याच्या शेजारी इग्निशनची कॉइल. दोघांत साधारण 0.2 ते 0.3 मिमी फट असते. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकतं. मॅग्नेट हाताने फिरवत ती फट बघायची. ती कमी-जास्त होत असेल, किंवा मॅग्नेट एका जागी कॉइलला घासत असेल, तर क्रँक गेला. दुसरी जागा उलट टोकाला, क्लच ड्रम (चेनला फिरवणारी वाटी) काढल्यावर दिसणारं क्रँकचं टोक. एक खिळा लाकडात ठोकून त्याचं टोक क्रँकच्या अगदी जवळ आणलं आणि क्रँक फिरवला. अंतर हललं नाही. मॅग्नेटच्या पंख्याची दोन पाती तुटली होती. मॅग्नेटचा तोल त्याने बिघडतो, म्हणून तो बदलायच्या यादीत टाकला.

एवढं झाल्यावर रात्री पाचही घरांची माणसं आमच्या खळ्यात बसली.

दोघांचं म्हणणं सरळ होतं. ऑनलाइन सहा-सात हजारांत 58 सीसीची कटर मिळते, 22 इंची पट्टीसकट, मग आधीच्या मढ्यावर पैसे का घालायचे? प्रश्न वावगा नव्हता. मीही त्या मशीन खोललेल्या आहेत. कागदावरचे सीसी आणि सिलेंडर मोजल्यावर येणारे सीसी नेहमी जुळत नाहीत, पण ते सोडा. त्यांचं इंजिन काम करतं. वर्षातून चार ओंडके फाडायचे असतील तर त्या घेऊही नयेत असं मी म्हणणार नाही. आमचं काम वेगळं आहे. वादळ आलं की सलग कित्येक दिवस, पावसात, ताणाखाली असलेल्या झाडांवर ती चालते. माडाच्या खोडाचे तंतू चेनबरोबर आत ओढले जाऊन क्लचपाशी गुंडाळतात. अशा वेळी मशीन बंद पडली तर तिचा भाग दोन दिवसांत हातात हवा.

थोरले काका तोवर गप्प होते. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या स्वस्तवालीचा ब्रेकचा पट्टा तुटला तर माणगावात मिळेल काय रे?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्या मते दुरुस्ती की नवी या वादातला हाच मुख्य प्रश्न आहे, आणि तो मशीन मोडल्यावर नव्हे, घ्यायच्या आधी विचारायचा असतो. सुटे भाग नंबरावर मिळतात, भागांचा नकाशा मिळतो, तालुक्याच्या आसपास ती उघडलेला एक तरी मेस्त्री आहे, अशीच मशीन खेड्यात घ्यावी. मग ती थोडी कमी ताकदीची असली तरी चालेल.

हिशेब असा मांडला. तसलीच नवी कटर 40,000 रुपयांच्या घरात. जुनीला लागणारे भाग आणि मजुरी मिळून पंधरा हजारांच्या आत. इंजिन शाबूत, पिस्टन चांगला, म्हणजे दुरुस्तीनंतर तिचं बरंच आयुष्य बाकी. खर्च नवीच्या निम्म्याच्या आत आणि क्रँक-चेंबर धड, तर दुरुस्ती. यातलं एक जरी फिरलं असतं, तर मीच नवी घ्या म्हणालो असतो. चिरलेलं चेंबर किंवा वाकलेला क्रँक बदलायचा म्हणजे इंजिन पूर्ण उघडायचं, आणि मजुरीसकट ते नवीच्या जवळ जातं.

भाग मागवायला मशीनवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर लागतो. तो पहिल्या दिवशीच वहीत लिहून, फोटो काढून ठेवावा; आमच्या मशीनवरचा चेपलेल्या जागी होता, पण वहीत होता. अस्सल भाग पुण्याहून माणगावपर्यंत कुरिअरने आले. मशीन आणि मी म्हसळ्यावरून माणगावला गेलो, तिथे फवारणी पंप, ग्रासकटर, पॉवर टिलर दुरुस्त करणारा एक मेस्त्री आहे, त्याच्या दुकानात. तो कामात बोलत नाही, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू लाकडी फळीवर त्या-त्या जागच्या क्रमाने खोचून ठेवतो. असा माणूस मिळाला की त्याच्या दुकानात स्टूल घेऊन बसावं, बरंच शिकायला मिळतं.

डुप्लिकेट भागांवर आमची तिथेच चर्चा झाली. ते सगळेच वाईट नसतात. वरचं कव्हर, दोरीची मूठ, एअर फिल्टरची टोपी, असल्या गोष्टी डुप्लिकेट घेतल्या आणि त्यात हजारभर वाचले. टाकी मात्र अस्सल. कोणीतरी चिरेवर एम-सील लावायला सुचवलं होतं. पेट्रोल, थरथर आणि हातभर अंतरावर तापलेला सायलेन्सर, ही जागा चिकटवण्याची नव्हे. रबरी बुशही अस्सल घेतले. ते फार मऊ असले तर पट्टी कापात डोलते, फार कडक असले तर तासाभरात बोटं बधिर होतात.

आणि चेनब्रेक. यावर मी थोडा हट्टाने लिहितो. पुढच्या मुठीपुढे जे गार्ड असतं ते नुसतं हात झाकायला नसतं, तो ब्रेकचा दांडा आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशाला लागला तर चेन लाकडात न शिरता अडते आणि सगळी मशीन एका क्षणात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. त्या उसळीत मनगट गार्डला लागतं, किंवा नुसत्या झटक्यानेही दांडा पुढे पडतो, आणि क्लच ड्रमभोवतीचा स्टीलचा पट्टा आवळून चेन थांबवतो. आपल्याकडे गार्ड मोडलं की "मध्ये येत होतं, बरं झालं" म्हणत तशीच मशीन चालवतात. मी रस्त्याच्या कामावर, लाकडाच्या वखारीत, लग्नाच्या मांडवासाठी फांद्या तोडताना, सगळीकडे बिनगार्डच्या कटर बघितल्यात. गार्ड आणि पट्ट्याची किंमत नव्या मशीनच्या तुलनेत काहीच नाही. आमच्या यादीतून कोणी एक भाग कमी करा म्हटलं असतं, तर मी सायलेन्सर चेपलेला ठेवला असता, ब्रेक सोडला नसता.

वाकलेली पट्टी सरळ करून द्यायला एक लोहार तयार होता. थोडी वाकलेली पट्टी ऐरणीवर सरळ होते, हे खरं आहे. आमची मात्र वाकण्याबरोबर पिळलीही होती आणि कडेचा खाचा एका जागी मिटला होता. अशा खाचेतून चेन तापते आणि उडते. पट्टी नवी घेतली. चेनही नवी: पिच (लिंकांमधलं अंतर) 0.325 इंच, खाचेत बसणारी जाडी 1.6 मिमी, 68 लिंकची. जुन्या चेनचे दात चांगले दिसत होते, पण चिमटीत सापडल्यावर खालच्या लिंकांना बारीक घाव पडतात, आणि तुटलेली चेन कुठे जाईल ते सांगता येत नाही.

जोडणी झाल्यावर मेस्त्रीने ज्या गोष्टी तपासल्या, त्या मी आता घरी दर वेळी करतो. टाकी भरून मशीन आडवी ठेवायची, थेंब येतो का बघायचा. मंद गतीवर चेन हलता कामा नये. हलली तर मंदगतीचा स्क्रू कमी करायचा, आणि तरीही हलली तर क्लचची स्प्रिंग बघायची. मागच्या मुठीवरचा लॉक दाबल्याशिवाय रेस ओढली जाऊ नये. पूर्ण रेस देऊन मनगटाने दांडा ढकलला की चेन तत्काळ थांबली पाहिजे. शेवटी पट्टीचं टोक फिक्या रंगाच्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्यायची. तेलाचे शिंतोडे उमटले म्हणजे तेलपंप चालू आहे. काही लोक तेलाच्या टाकीत गाडीचं जळकं ऑईल घालतात. त्यातला धातूचा बारीक कीस पंपाला आणि पट्टीला खातो, आणि ते तेल शेवटी आपल्याच आगरात सांडतं.

दुरुस्त मशीन पहिल्यांदा चालवली ती त्याच आंब्यावर. तो अजून पाखाडीशेजारी पडलेला होता. खोडाचे तुकडे करताना कारण सापडलं, नुसती मुळं उथळ असल्याने तो पडला नव्हता. बुंध्याजवळ आत बोगदे होते, भुशाने भरलेले, आणि एका बोगद्यात भिरूड जिवंत होती. बोटाएवढी जाड, पांढरट, काळ्या जबड्यांची अळी. आंब्याचं खोड पोखरणारी ही अळी लांब मिशांच्या एका भुंगेऱ्याची असते. खोडावर भुसा आणि डिंक दिसला की भोकात तार घालून तिला बाहेर काढायचं आणि भोक बुजवायचं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हा आंबा उतारावर होता, त्याच्या मागच्या अंगाला कोणी जात नव्हतं.

त्या अळीचा आणि आमच्या चेनचा संबंध आहे, तो मला फार आवडतो. पूर्वीच्या चेनला हातकरवतीसारखे सरळ दात असायचे. ते लाकूड खरवडायचे आणि सारखी कानस मागायचे. अमेरिकेत ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. 1946 मध्ये एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यात त्याला अशीच लाकूड खाणारी भुंगेऱ्याची अळी दिसली. ती आडव्या-उभ्या रेषांची पर्वा न करता, डावी-उजवीकडे जबडा चालवत लाकडातून सहज पुढे जात होती. त्याने तिचे जबडे निरखून तसा दात बनवला, एक डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे, आणि 1947 मध्ये पोर्टलंडला चेन बनवायला सुरुवात केली. आज जवळजवळ प्रत्येक कटरच्या चेनवर त्याच घडणीचा दात आहे. पुतण्याला भिरूड हातात देऊन चेनचा दात शेजारी धरून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग कानस कशी धरायची ते त्याने पुन्हा विचारून घेतलं. आमच्या चेनला 4.8 मिमीची गोल कानस लागते, सगळ्या दातांवर सारखे हात आणि सारखा कोन. एका बाजूचे दात लहान झाले की काप वाकडा जातो, आणि वाकडा काप पट्टी अडकवतो.

एक गोष्ट पेट्रोलची, कारण मेस्त्रीच्या दुकानात आलेल्या बहुतेक मशीन झाडाने नव्हे, पेट्रोलने मेलेल्या होत्या. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत पाणी किती असतं ते सांगायला नको. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात. इंजिनला वंगण म्हणून पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनला तेलाशिवायचं पाणचट मिश्रण जातं आणि पिस्टन ओरखडतो. म्हणून आम्ही एका लिटरला 20 मिली ऑईल घालून त्या दिवसापुरतंच मिश्रण करतो. काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. कार्बोरेटरचा पातळ पडदाही त्यामुळे टिकतो.

पाच घरांनी आता कटरच्या नावाने वेगळा डबा केला आहे. बाहेरच्या कोणाचं झाड कापलं की त्यातून आलेले पैसे त्यात जातात. त्यातून पहिली खरेदी प्लास्टिकच्या पाचरांची आणि पाय झाकणाऱ्या, चेन अडवणाऱ्या पँटची झाली. पँट उकाड्यात नको वाटते. पुतण्या घालतो, कारण ती घातल्याशिवाय त्याला कटर मिळत नाही. पडवीत एक जादा पट्टी, दोन चेन, प्लग, दोरी आणि फिल्टर असतात. वादळाचा इशारा आला की पहिल्या दिवशी बाजारात नव्हे, पडवीतल्या या सामानात बघायचं, असं ठरलं आहे.

अजून एक अडचण सुटलेली नाही. तयार चेन महाग पडते. रोलमधून लागतील तेवढ्या लिंक मोजून, तोडून, रिव्हेट मारून देणारं यंत्र काही दुकानांत असतं आणि त्यात बरीच बचत होते. महाड, माणगाव किंवा अलिबागकडे 0.325 पिचची, 1.6 मिमीची चेन अशी करून देणारं कोणी असेल, तर कृपया कळवा. पावसाळ्याआधी पाचही घरांसाठी एकदमच करून घेऊ.